भाऊंचे ‘बरोबर’

बाजारपेठेत वाढलेल्या माणसाला शब्दाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. आजही आडतीच्या पेठेत कितीतरी माल केवळ तोंडी बोलीवर एका दुकानातून दुसऱ्या दुकानात जातो. पावती मागाहून होते आणि लिखापढी त्याहून मागाहून. ‘जबान दिली’ एवढे दोन शब्द पुरेसे असतात. अशा पेठेत ज्याने आयुष्याची पन्नास वर्षे काढली, त्याची वाचाच एके दिवशी नाहीशी झाली तर काय होते, आणि ती परत मिळवण्यासाठी तालुक्याच्या गावात राहणाऱ्याने कोणाकडे जावे, हे आमच्या कुटुंबाला गेल्या काही वर्षांत शिकावे लागले. ते येथे क्रमाने मांडतो. आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे अशाच गावांत राहतात, आणि ही वेळ कोणत्याही घरावर येऊ शकते.

माझे थोरले बंधू, ज्यांना घरात आणि पेठेत सगळेच ‘भाऊ’ म्हणतात, आमच्या वडिलोपार्जित आडत पेढीचे कर्ते. मी एम.कॉम. होऊन राष्ट्रीयीकृत बँकेत गेलो, गावोगावच्या शाखांतून फिरलो आणि निवृत्तीनंतर सोलापूर जिल्ह्यातील आमच्या मूळ गावी परतलो. भाऊंनी मात्र गादी कधी सोडली नाही. २०२२ च्या दिवाळीत नव्या वह्यांचे पूजन होऊन महिनाही झाला नव्हता, तोच एका सकाळी त्यांच्या उजव्या हातातून बशी निसटली आणि तोंडातून शब्द फुटेना. त्यांना तातडीने रुग्णालयात नेले. मेंदूच्या डाव्या बाजूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्याचे निदान झाले. नऊ दिवसांनी ते घरी आले तेव्हा काठीच्या आधाराने चालत होते, उजवा हात थोडा उचलत होते, माणसे ओळखत होते. बोलण्यात मात्र एकच शब्द उरला होता : ‘बरोबर’. पाणी हवे असले तरी ‘बरोबर’, नको असले तरी ‘बरोबर’, रागावले तरी ‘बरोबर’ आणि डोळे भरून आले तरी ‘बरोबर’.

रुग्णालयातून मिळालेल्या कागदावर औषधांची लांबलचक यादी होती. तिच्या अगदी खाली एक ओळ होती : ‘स्पीच थेरपी घ्यावी’. ती कोठे घ्यावी, कोणाकडून घ्यावी, कधीपासून घ्यावी, याविषयी कागदावर काही नव्हते आणि तोंडीही कोणी काही सांगितले नाही. व्यायामासाठी फिजिओथेरपिस्ट आमच्या गावात तिघे-चौघे आहेत. वाचा-उपचार करणारा माणूस कसा असतो, हे मात्र आमच्या पेठेत कोणालाच ठाऊक नव्हते.

शोध सुरू झाला तो ओळखीपाळखीतून. व्यायामासाठी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टने प्रामाणिकपणे सांगितले, “काका, हे माझे काम नाही. तोंडाचे दोन व्यायाम मी दाखवीन, पण भाषा परत आणण्याचे शास्त्र वेगळे आहे.” कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी स्वरयंत्र तपासले आणि ते उत्तम असल्याचे सांगितले. एका नातेवाइकाने घोडावज आणि मधाचे चाटण आणून दिले. दुसऱ्याने जीभ जड झाली असेल म्हणून ती खडबडीत वस्तूने घासण्याचा सल्ला दिला. तो भाभींनी ऐकला नाही, हे बरेच झाले. शेजारच्या मोठ्या गावात श्रवणयंत्रे विकणाऱ्या एका दुकानावर ‘स्पीच थेरपी’ अशीही पाटी होती. मी तेथे जाऊन शिक्षण आणि नोंदणी क्रमांक विचारला. बँकेत कर्जाचे प्रस्ताव तपासण्यात आयुष्य गेल्यामुळे कागद पाहिल्यावाचून माझे समाधान होत नाही. उत्तर मिळाले, “अनुभव आहे ना, कागदाचे काय घेऊन बसलात!” मी नमस्कार करून बाहेर पडलो.

नोंदणीचा आग्रह का धरावा, हे वाचकांना सांगणे आवश्यक आहे. आपल्या देशात १९९२ साली भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा झाला. त्या कायद्यानुसार श्रवणतज्ज्ञ आणि वाचा-उपचारतज्ज्ञ यांची केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नोंद असते आणि प्रत्येकाला क्रमांक मिळतो. बारावी विज्ञानानंतर चार वर्षांचा ‘बी.ए.एस.एल.पी.’ हा पदवी अभ्यासक्रम असतो. त्यातले शेवटचे वर्ष प्रत्यक्ष कामाचे. त्यापुढे दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी आहे. म्हणजे हा चार दिवसांच्या शिबिरात शिकून येणारा विषय नाही. सनदी लेखापालाचा सभासद क्रमांक विचारताना आपण संकोच करत नाही. तसाच हा क्रमांकही निःसंकोच विचारावा. ज्याच्याकडे तो आहे, तो आनंदाने देतो.

पुढचा धागा मिळाला तो अनपेक्षित ठिकाणी. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा स्तरावर लहान मुलांसाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्रे उभी राहिली आहेत. तेथे श्रवण आणि वाचा तपासणीची सोय असते. ही केंद्रे अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असतात, भाऊंसाठी नव्हेत, हे मला ठाऊक होते. तरीही मी विचार केला की ज्या व्यवसायातील माणसे थोडी, ती एकमेकांना ओळखत असणारच. सराफाचा पत्ता सराफालाच विचारावा. अशा केंद्रात काम करणाऱ्या एका भगिनीने माझे म्हणणे शांतपणे ऐकले आणि सोलापूर शहरात प्रौढ रुग्णांवर काम करणाऱ्या आपल्या परिचित तज्ज्ञ बाईंचा दूरध्वनी क्रमांक दिला. त्यांचे पदव्युत्तर शिक्षण झालेले होते. नोंदणी क्रमांक त्यांनी विचारण्यापूर्वीच सांगितला. जानेवारी २०२३ च्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही भाऊंना घेऊन सत्तर किलोमीटरवर गेलो. तोपर्यंत दोन महिने होत आले होते.

पहिल्याच भेटीत मला आश्चर्य वाटले ते त्यांच्या पहिल्या प्रश्नाचे. त्यांनी बोलण्याविषयी काहीच विचारले नाही. “पाणी पिताना भाऊंना ठसका लागतो का?” असे त्यांनी भाभींना विचारले. लागत होता. गिळण्याची तपासणी करणे हेही याच तज्ज्ञांचे काम असते, हे आम्हाला तेव्हा समजले. अर्धांगवायूनंतर गिळण्याची क्रिया बिघडली, तर पाणी आणि अन्नाचे कण श्वासनलिकेत जाऊन फुप्फुसांचा संसर्ग होऊ शकतो. घट्ट पदार्थापेक्षा पातळ पाणी अनेकदा अधिक अवघड जाते. त्यांनी भाऊंना कसे बसवावे, किती लहान घोट द्यावा, हे दाखवले. या सूचना रुग्णागणिक वेगळ्या असतात, म्हणून त्या येथे लिहीत नाही. ठसका वारंवार लागत असेल तर तपासणी करून घ्यावी, एवढे मात्र प्रत्येक घराने लक्षात ठेवावे.

मग त्यांनी आम्हाला आजार समजावून सांगितला. मेंदूच्या आघातानंतर बोलणे दोन प्रकारांनी मुख्यतः बिघडते. एकात ओठ, जीभ, टाळू यांचे स्नायू दुर्बळ होतात. शब्द मनात तयार असतो, उच्चार मात्र बोबडा होतो. दुसऱ्यात स्नायू बऱ्यापैकी चालतात, पण शब्द सापडत नाही, वाक्य जुळत नाही किंवा ऐकलेल्याचा अर्थ लागत नाही. या दुसऱ्या प्रकाराला ‘वाचाघात’ म्हणतात. बहुतेक माणसांच्या मेंदूत भाषेचे काम मुख्यतः डाव्या अर्ध्या भागात चालते. शरीराच्या उजव्या बाजूचे नियंत्रणही तेथूनच होत असल्याने उजवा हात आणि वाचा यांना पुष्कळदा एकदमच धक्का बसतो.

हे ज्ञान तसे जुने आहे. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या शल्यविशारदाने आपल्या एका रुग्णाची हकीकत विद्वानांपुढे मांडली. तो रुग्ण अनेक वर्षे ‘टान’ एवढाच उच्चार करू शकत असे. मात्र लोक काय बोलतात हे त्याला कळत असे. मृत्यूनंतर त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूच्या पुढील भागात इजा आढळली. आमच्या भाऊंचे ‘बरोबर’ म्हणजे त्या रुग्णाचे ‘टान’ होते. फरक इतकाच की ‘टान’ या ध्वनीला काही अर्थ नव्हता, आणि ‘बरोबर’ला आहे. व्यापाऱ्याच्या तोंडी तर त्याचा अर्थ सौदा पक्का असा होतो. खरे संकट तेथेच दबा धरून बसले होते.

झाले होते असे. गावाबाहेरील रस्त्यालगत आमचे एक गोदाम आहे. रुग्णालयाचा खर्च झालेला, पेढीचे कॅश क्रेडिट खाते मर्यादेपर्यंत वापरलेले आणि हंगाम तोंडावर. माझ्या पुतण्याने गोदाम विकण्याचे ठरवले. त्याचा हेतू वाईट नव्हता. पेढी तगवण्याची तळमळच त्यात होती. त्याने वडिलांपुढे बसून विचारले, “भाऊ, गोदाम विकून टाकू या का?” भाऊ म्हणाले, “बरोबर.” त्याने पुन्हा विचारले, भाऊ मोठ्याने म्हणाले, “बरोबर, बरोबर!” साठेखताचा मसुदा तयार झाला. इसार घ्यायचा तेवढा बाकी होता. गोदाम भाऊंच्या नावावर असल्याने त्यांचा अंगठा लागणार होता.

सोलापूरच्या त्या बाईंनी पहिल्या भेटीतच एक साधी तपासणी केली. पेन दाखवून विचारले, “हा पेन आहे का?” भाऊ म्हणाले, “बरोबर.” तोच पेन दाखवून विचारले, “ही घागर आहे का?” भाऊ म्हणाले, “बरोबर,” पण त्यांचा डावा हात नकारार्थी हलला आणि चेहऱ्यावर वैताग उमटला. “आपण आत्ता मुंबईत आहोत का?” “बरोबर,” आणि पुन्हा हात हलला. असे दहा-बारा प्रश्न झाल्यावर त्या आमच्याकडे वळून म्हणाल्या, “यांच्या तोंडाकडे पाहू नका, हाताकडे पाहा. यांना प्रश्न समजतात. तोंडातून एकच शब्द निघतो, तो उत्तर म्हणून धरू नका.” पुतण्या काही बोलला नाही. परतीच्या वाटेवर गाडीत तो बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होता.

त्यांनी दोन पुठ्ठे करून दिले होते, हिरव्यावर ‘होय’, लाल्यावर ‘नाही’. प्रत्येक महत्त्वाचा प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारायचा, असा त्यांचा दंडक होता. म्हणजे उत्तर योगायोगाने आले की समजून, ते कळते. आठवडाभर साध्या प्रश्नांचा सराव झाल्यावर आम्ही गोदामाचा विषय काढला. “गोदाम विकायचे का?” भाऊंचे बोट लाल पुठ्ठ्यावर. “गोदाम ठेवायचे का?” बोट हिरव्यावर. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारले, तेच उत्तर. त्यानंतर त्यांनी डाव्या हाताने कपाटाकडे खूण केली. खतावणी काढून दिली. त्यांनी सावकाश पाने उलटली आणि एकामागून एक तीन नावांवर बोट ठेवले. तिन्ही जुनी उधारी होती. दोन-दोन हंगाम थकलेली. गोदाम विकण्याऐवजी आधी ही वसुली करा, हा त्यांचा सल्ला होता. दोन महिने तो त्यांच्या मनात होता, आणि तो बाहेर येण्याची वाट त्यांना मिळत नव्हती.

त्या तिघांपैकी दोघांनी पैसे दिले. तिसऱ्याचे अद्याप येणे आहे. गोदाम राहिले.

१८७२ च्या भारतीय करार कायद्यात संमतीची व्याख्या आहे : एकाच गोष्टीला, एकाच अर्थाने, दोघांनी मान्यता देणे. एम.कॉम.च्या वर्गात ही व्याख्या आम्ही पाठ केली होती. भाऊंच्या ‘बरोबर’मध्ये दोघांचा अर्थ एक नव्हता. अंगठा उठला असता, तर कागद पुरा झाला असता आणि संमती मात्र झालेली नसती. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की घरातील कर्त्या माणसाला वाचाघात झाला असेल, तर त्याची समजशक्ती तज्ज्ञाकडून तपासून घेतल्याशिवाय मालमत्तेचा कोणताही कागद करू नये. त्याच्या नावे नव्हे आणि त्याच्याविरुद्धही नव्हे. काही रुग्णांची समजही बाधित झालेली असते. ते अस्खलित बोलतात, पण त्या बोलण्यात अर्थ नसतो आणि आपले बोलणे त्यांना उमगत नाही. कोणाचे काय बिघडले आहे, हे घरच्यांना नुसते पाहून ठरवता येत नाही.

बँकेच्या व्यवहाराविषयीही दोन शब्द. सही करता येत नाही म्हणून खाते बंद पडत नाही. रिझर्व्ह बँकेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार आजारी खातेदाराचा अंगठा चालतो. त्याला बँकेच्या ओळखीचे दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात, त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा. पुढे भाऊ डाव्या हाताने सही करायला शिकले तेव्हा आम्ही शाखेत नवा नमुना नोंदवला. त्या दिवशी त्यांनी ती सही तीन वेळा करून दाखवली, मागितली एकदाच होती.

आता उपचाराविषयी. आठवड्यातून एकदा सोलापूरला जायचे आणि मधल्या दोन दिवशी मोबाइलवर चित्रफितीद्वारे समोरासमोर सत्र घ्यायचे, असे ठरले. लहान गावातील माणसाला ही सोय मोठी आहे. मात्र पहिली तपासणी, विशेषतः गिळण्याची, प्रत्यक्ष झाली पाहिजे, यावर बाईंचा भर होता. मोबाइलसमोर भाऊंच्या शेजारी घरचे एक माणूस हवेच. ते काम सूनबाईंनी पत्करले. खरे सांगायचे तर तज्ज्ञांचे सत्र पाऊण तासाचे आणि उरलेले सारे दिवस घराचे. घराने सराव घेतला नाही तर सत्तर किलोमीटरची वाट फुकट जाते.

बाईंनी छापील पुस्तकातील चित्रे बाजूला ठेवली आणि भाऊंच्या आयुष्यातील चाळीस शब्दांची यादी आमच्याकडून मागितली. आमच्या घरात मारवाडी बोलतात, पेढीवर मराठी आणि बाहेरगावच्या दलालांशी हिंदी. “ज्या वस्तूसाठी भाऊ जी भाषा वापरत, तीच लिहा,” असे त्यांनी सांगितले. म्हणून तूर, हरभरा, पोते, हमाल, पट्टी, उधारी हे शब्द मराठीत लिहिले गेले आणि जेवणाखाण्याचे, नात्यागोत्याचे शब्द मारवाडीत. त्या स्वतः मराठी भाषिक. मारवाडी शब्दांचे उच्चार त्यांनी भाभींकडून शिकून घेतले. पेढीवरून मूठमूठ धान्य आणले. भाऊंच्या तळहातावर तूर ठेवली की त्यांचा अंगठा आपोआप दाणा चोळू लागे, आणि बाई पहिला ध्वनी देत, “तू...”. पंधराव्या-विसाव्या दिवशी भाऊंनी तो शब्द पुरा केला.

एकदा बाईंनी विचारले, “भाऊ, तुमच्या मिसेसचं नाव सांगा.” भाऊ गप्प. पुन्हा विचारले, तरी गप्प. उलट किंचित लाजले. भाभीच हसून म्हणाल्या, “बेटी, पन्नास वर्षांत त्यांनी माझं नाव घेतलं नाही, ते आता कुठून येणार?” बाईंनी लगेच नाव खोडले आणि विचारले, “मग हाक कशी मारतात?” ती हाक म्हणजे नुसते ‘अगं’. चार दिवसांत तो शब्द आला. भाभी स्वयंपाकघरातून धावत बाहेर आल्या, त्या डोळे पुसतच.

एक गोष्ट आम्हाला चकवणारी होती. आजारानंतर महिन्याभरातच भाऊ सकाळी णमोकार मंत्र सबंध म्हणू लागले होते. लहानपणी गुरुजींनी घोकून घेतलेली पावकी आणि निमकीही ते सूर लागला की म्हणत. घरात आनंद झाला की वाचा परत आली. बाईंनी समजावले की घोकलेले पाठांतर, प्रार्थना, अंक, वार हे मेंदूतून जणू एका सलग माळेसारखे बाहेर येते. स्वतःच्या मनातील नवी गोष्ट सांगण्यासाठी शब्द निवडून जुळवावे लागतात; ती क्रिया निराळी. म्हणून मंत्र म्हणणारा माणूस ‘मला पाणी दे’ म्हणू शकत नाही, यात ढोंग नाही आणि हट्टही नाही. पण या माळेचा उपयोग करून घेता येतो. पावकी म्हणता म्हणता मध्येच थांबायचे आणि पुढचा अंक त्यांनी एकट्याने सांगायचा, अशा रीतीने त्यांनी अंक मोकळे केले. तरीही कितीतरी दिवस भाऊ तोंडाने ‘पाच’ म्हणत आणि कागदावर ‘७’ लिहीत. खरा आकडा कागदावरचा असे. तेव्हापासून पेढीवर त्यांच्यापुढे पाटी-पेन्सिल ठेवलेली असते.

वाचाघात झालेल्या माणसाशी कसे बोलावे, याचे नियम बाईंनी आम्हाला लिहून दिले. पेढीवरच्या दिवाणजींनी ते भिंतीला लावले. ते असे : दूरदर्शन बंद करून बोलावे. समोर बसून, लहान वाक्यात, एका वेळी एकच गोष्ट सांगावी. मोठ्याने ओरडू नये. ते बहिरे झालेले नाहीत. प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजावे. शब्द लगेच त्यांच्या तोंडात घालू नये. खुणा, चित्र, लिहिणे, सगळे चालते. समजले नाही तर समजल्याचे दाखवू नये. आणि त्यांच्यादेखत त्यांच्याविषयी तिसऱ्या माणसाशी बोलू नये. हा शेवटचा नियम पाळणे सर्वांत कठीण गेले. भेटायला येणारे आप्त भाऊंसमोर बसून भाभींना विचारत, “यांना काही कळतं का हो?” भाऊंना सारे कळत असे, हे त्यांच्या मिटलेल्या ओठांवरून आम्हाला दिसे.

आज भाऊ दररोज दोन तास गादीवर बसतात. दोन-तीन शब्दांची वाक्ये बोलतात. थकले की शब्द हरवतात. दूरध्वनीवर बोलणे अजून जमत नाही, कारण तेथे हात आणि चेहरा दिसत नाही. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा वेगाने होते, हे खरे; पण त्यानंतर ती थांबतेच असे नाही. मागच्या हंगामात त्यांनी एका दलालाला ‘भाव कमी’ असे ठणकावून सांगितले. ते आमच्या घरी पेढ्यांनी साजरे झाले.

ज्यांना असा शोध घ्यायचा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात लिहितो. पुनर्वास परिषदेच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत व्यक्तींचा शोध घेता येतो. मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि म्हैसूर येथे १९६५ साली स्थापन झालेली अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था या केंद्र शासनाच्या प्रमुख संस्था आहेत. पुण्यात भारती विद्यापीठातही हा अभ्यासक्रम चालतो. शिकवणाऱ्या संस्थांना आपले माजी विद्यार्थी कोठे काम करतात हे ठाऊक असते. त्यांना विचारण्यात कमीपणा नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत वाचाघातामुळे आलेल्या कायमच्या वाचा व भाषा दिव्यांगत्वाचाही समावेश आहे, हेही ध्यानात असू द्यावे. आणि घरातले मूल दोन वर्षांचे होऊनही दोन शब्द जोडत नसेल, तर ‘त्याचे वडीलही उशिरा बोलले’ म्हणून वाट पाहू नये. आधी कान तपासावेत, मग जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जावे.

शेवटी समाजातील कर्त्या मंडळींपुढे एक विचार ठेवतो. आपण सभागृहे बांधतो, रुग्णवाहिका देतो, शिष्यवृत्त्या देतो. त्या शिष्यवृत्त्यांपैकी एखादी दरवर्षी या अभ्यासक्रमाला जाणाऱ्या आपल्या तालुक्यातील मुलाला किंवा मुलीला, मग ती कोणत्याही समाजाची असो, का देऊ नये? शिक्षण पुरे झाल्यावर काही वर्षे जिल्ह्यात काम करावे, एवढी एक अट पुरे. तोपर्यंत सभागृहाची एखादी खोली आठवड्यातून एक दिवस बाहेरगावच्या नोंदणीकृत तज्ज्ञाला विनामूल्य द्यावी. आमच्या गावात तसा प्रस्ताव मी मांडला आहे. पहिल्या यादीत गावातीलच अकरा नावे निघाली. त्यांपैकी सात जणांच्या घरच्यांना अशा उपचाराची सोय असते, हेच माहीत नव्हते. प्रस्तावावर साक्षीदार म्हणून भाऊंची डाव्या हाताची सही आहे.